रोज सहा वाजता अबोला

या शहरात दर आठवड्याला काय पाहावं, हे लोकांना मी सांगते. स्वतः मी काहीही पाहत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं हा माझा पगारी व्यवसाय आहे आणि तो मी नेकीने करते. दर गुरुवारी आमच्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर पाच चौकटी येतात. पाच कार्यक्रम, प्रत्येकाचं स्थळ, वेळ आणि चार ओळींची शिफारस. लोक ते कात्रण खिशात घालून निघतात, अंधाऱ्या हॉलमध्ये पेंगतात, आणि घरी जाऊन सांगतात की वेगळाच अनुभव होता.

विशेषणांचं आमच्याकडे रेशनिंग आहे. ‘अंतर्मुख करणारा’ हे पानात एकदाच वापरायचं. ‘अस्वस्थ करणारा’ दोनदा चालतं. ‘सुंदर’ अजिबात नाही, कारण संपादकसाहेबांच्या मते सुंदर गोष्ट बघायला लोक शिफारस विचारत नाहीत. आता एखाद्या नृत्यात नर्तक शेवटपर्यंत रंगमंचावर येतच नसतील तर त्याला मी काय म्हणायचं? मी ‘अनुपस्थितीचा शोध’ म्हणते. त्यांचे सगळे प्रयोग हाउसफुल्ल जातात.

पान छापून गुरुवारी येतं, पण त्याची मांडणी सोमवारीच लागते. तोवर निम्मी आमंत्रणं आलेली नसतात. म्हणून रिकाम्या चौकटींत भराव घालायचा, आणि खरा कार्यक्रम आला की तो काढायचा. जगात सगळीकडे असा भराव म्हणजे निरर्थक अक्षरांची रांग असते. आमच्याकडे नाही. आमचे मांडणीवाले काका निवृत्तीला आलेत, आणि अर्थ नसलेला मजकूर पाहिला की त्यांचं डोकं दुखतं. ‘पान मेल्यासारखं दिसतं गं,’ म्हणतात. त्यामुळे मला खोटी शिफारससुद्धा नीट मापात, स्थळ-वेळ घालून लिहावी लागते. मी जे डोक्यात असेल ते लिहिते. आमचं तुंबलेलं बेसिन, माझी दाढ, सगळं त्या चौकटीत दोन-दोन दिवस राहून गेलेलं आहे. स्थळ म्हणून आमच्याच घरचा पत्ता, कारण तेवढाच मला पाठ आहे.

त्या सोमवारी डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी लिहिलं:

‘खिडकी. एका घरात राहणाऱ्या दोन वयस्क बहिणी महिनोन्‌महिने एकमेकींशी बोलत नाहीत. थोरलीची मुलगी मधे राहून निरोप पोचवते. रविवारी धाकटी बहीण कायमची घर सोडते. कोणी कोणाला अडवत नाही. अंतर्मुख करणारा प्रयोग. रोज सायंकाळी सहा. प्रवेश सर्वांना खुला.’

थोरली बहीण म्हणजे माझी आई, धाकटी म्हणजे माझी मावशी. निरोप पोचवणारी अर्थात मी.

आई शाळेत पर्यवेक्षिका होती. तिला शांतता लागते, आणि पुस्तकांवर धूळ चालत नाही, म्हणून खिडकी बंद हवी. मावशीचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजच्या बंद खोलीत लोकांचे नंबर जोडण्यात गेला, म्हणून तिला खिडकी उघडी हवी. मावशीचा पलंग हॉलमध्ये, नेमका खिडकीखाली. वर्षानुवर्षं एक उघडायची, दुसरी लावायची, आणि तोंडं दोघींची चालू असायची. घरात आवाज असायचा, मला बरं वाटायचं. मग एक दिवस खिडकी लावता लावता आई म्हणाली, ‘हे घर माझं आहे.’

एवढंच म्हणाली. मावशीने हातातली उशी पलंगावर ठेवली, आणि त्या दिवसापासून तिने आईला उद्देशून एक शब्द काढला नाही. आई कसली ऐकते, तीही गप्प. ‘तिला सांग, दूध ओट्यावर आहे.’ ‘तिला सांग, मला दिसतंय.’ दोघी एकाच टेबलाशी बसलेल्या, आणि मी मधे दूध आणि दिसणं यांची ने-आण करते आहे. मग मावशीने गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली आणि रविवारचा टेम्पो ठरवला. मला तिने सांगितलं, आणि मी आईला. आई म्हणाली, ‘तिला सांग, कपाटाचे आरसे आधी उतरवून घे, नाहीतर फुटतील.’

मला मावशी जायला नको होती. हे सरळच सांगते. आईवर माझं प्रेम आहे, पण त्या घरात हसणारी व्यक्ती मावशी होती. ती गेली की उरणार ती आई, बंद खिडकी आणि निरोप पोचवायला कोणीच नसलेली मी. पण आईने ‘राहा’ म्हणायचं आणि मावशीने ते ऐकायचं, यांतलं काहीच माझ्या हातात नव्हतं.

त्या आठवड्यात पाचव्या चौकटीत एका गायकाची मैफल यायची होती. त्याचा घसा बसला. मैफल रद्द झाल्याचं मला कळलं ते बुधवारी, पान छपाईला गेल्यावर. मी काकांना फोन केला.

‘पाचवीत काय गेलं?’

‘तुझं तेच. खिडकी,’ काका म्हणाले. ‘या वेळचं मला आवडलं गं वाचायला. म्हटलं हाच खरा कार्यक्रम.’

मी साहेबांकडे गेले. चूक छापली गेलीय, उद्याच खुलासा द्या म्हटलं. साहेब म्हणाले, ‘शिफारशींचं पान गुरुवारचं. खुलासा पुढच्या गुरुवारी. तोवर चालू दे.’

‘साहेब, माझ्या घरचा पत्ता आहे.’

‘मग तुला जायला-यायला सोपं,’ साहेब म्हणाले.

गुरुवारी सहाला बेल वाजली. दारात सातआठजण होते. पुढे गळ्यात मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ, हातात कात्रण.

‘इथे काही नाहीये,’ मी म्हटलं. ‘छापण्यात चूक झालीय.’

‘शिफारस आहे,’ मफलरवाले म्हणाले.

‘ती मीच लिहिलीय.’

‘मग तर प्रश्नच मिटला.’

आतून मावशी म्हणाली, ‘तिला सांग, लोक आलेत.’ आई म्हणाली, ‘तिला सांग, मला डोळे आहेत.’ दारातली मंडळी खूश होऊन हसली, चपला काढून आत आली आणि भिंतीशी बसली. मफलरवाल्यांनी शेजारच्या बाईंना हळूच सांगितलं, ‘सुरू झालंय.’

मला वाटलं होतं आई त्यांना हाकलेल. पण चाळीसजणांचे वर्ग सांभाळलेल्या बाईला जमिनीवर वेडीवाकडी बसलेली माणसं बघवली नाहीत. ‘उंच लोकांनी मागे,’ ती म्हणाली. ‘तुम्ही, चष्मेवाले, पुढे या. पाय आत घ्या.’ सगळे मुकाट्याने उंचीप्रमाणे बसले. मावशीने पलंगावरून विचारलं, ‘मागे आवाज पोचतोय का?’ पोचतोय म्हणाले. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी माझी गत झाली.

मग त्या दोघी नेहमीसारख्या वागल्या. मावशीने खिडकी उघडली. आईने उठून लावली. मावशीने उघडली. लोक श्वास रोखून बघत होते. मी दोन्हीकडचे निरोप सांगत होते. मधेच आईला पाणी हवं होतं, मी स्वयंपाकघरात होते, तर तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि मफलरवाल्यांना म्हणाली, ‘तिला सांगा, माझा पेला तिच्या उशाशी राहिलाय.’ गृहस्थ उठले, चार पावलं चालून मावशीकडे गेले आणि अदबीने म्हणाले, ‘त्यांचा पेला आपल्या उशाशी राहिला आहे.’ मावशी म्हणाली, ‘त्यांना सांगा, राहू दे. प्यायले मी.’ सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. निरोप्याची माझी नोकरी तिथेच गेली.

शुक्रवारी जिन्यावर रांग होती. नर्तक न येणाऱ्या त्या नृत्याचे नर्तकही आले होते. त्यांच्याकडे प्रेक्षकच आले नाहीत, म्हणून म्हणाले चला, लोक कुठे गेलेत ते बघू. खालच्या मजल्यावरचे शेजारी, जे एरवी आमच्या पाण्याच्या टाकीवरून भांडतात, ते ‘हळू, हळू, आत प्रयोग चालू आहे’ म्हणत जिना सांभाळत होते. आणि दुसऱ्या रांगेत आमच्याच वर्तमानपत्राचे नाट्यसमीक्षक, मांडीवर वही. ऑफिसात ते माझ्यापासून तीन टेबलं पलीकडे बसतात. त्यांनी मला ओळखलं नाही. शनिवारी त्यांचं परीक्षण आलं. दोघी बहिणींची कामं ‘संयत’ होती. ‘मुलीच्या भूमिकेतली अभिनेत्री मात्र पाठ केल्यासारखी बोलते. तिला या घरात काय हवंय तेच कळत नाही.’ मला राग आला. मग रडू आलं, कारण मला काय हवंय ते मी खरंच कोणाला सांगितलं नव्हतं.

पण एक गोष्ट मी बघत होते. निरोप वाढले होते. आधी दिवसाला दूध, बिल आणि औषध एवढंच चालायचं. आता लोकांमार्फत दोघी घडाघडा बोलत होत्या. ‘तिला सांगा, लहानपणी सायकल तिने मोडली होती आणि मार मी खाल्ला.’ ‘त्यांना सांगा, मार खाल्ला तेव्हा मी दाराआड उभी राहून रडत होते, ते त्यांना माहीत नाही.’ मफलरवाले मधे धावून धावून घामेजले, त्यांनी मफलर काढून ठेवला. आईने ते रडण्याचं ऐकलं आणि बराच वेळ खिडकी लावायला उठली नाही.

आणि मावशी सामान बांधायची. तेही प्रयोगात होतं. साड्यांच्या घड्या, फोटो, टेलिफोन खात्याने निरोपाला दिलेलं घड्याळ, एकेक वस्तू वर धरून मग पेटीत. लोकांना ते फार आवडायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायला लागणार म्हणून सकाळी ती सगळी पेटी उपसून ठेवायची. ते उपसणं बघताना मला वाटायचं, अशीच रोज बांधून रोज उपसली तर किती बरं. खेळ बंद करायचा विचार मी सोडून दिला. माझ्याच्याने जे झालं नव्हतं ते या आगंतुकांकडून होत असेल तर होऊ दे, म्हटलं. अडला हरी.

शनिवारी आई चौथ्यांदा खिडकी लावायला निघाली तेव्हा मफलरवाल्यांनी निरोप सांगता सांगता मधेच थांबून तिलाच विचारलं, ‘पण बाई, हे भांडण खिडकीचं नसणार. आधी कोण काय बोललं होतं?’

पुन्हा आलेल्या समीक्षकांनी पेन उचललं. आई खिडकीच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. मावशी पेटीकडे बघत होती. मला वाटलं आता बोलेल, आता तरी बोलेल. आई वळली आणि वर्गात प्रश्न विचारणाऱ्या आगाऊ मुलाला बसवतात तशी म्हणाली, ‘खाली बसा.’ ते बसले. लोकांनी प्रचंड टाळ्या वाजवल्या. मावशीने पेटीचं झाकण जरा जोरातच लावलं.

रविवारी सकाळी तिने पेटी उपसली नाही.

‘मावशी, नको ना जाऊस,’ मी म्हटलं.

‘तू म्हणून काय होतंय, राणी,’ ती म्हणाली. ‘घर काही तुझं नाही.’

मी आईकडे गेले. ‘आई, अडव ना तिला.’

‘ती स्वतःच्या पायाने चाललीय.’

‘तू म्हटलीस तर राहील.’

‘आणि म्हटल्यावरही गेली तर?’ आई म्हणाली, आणि पुस्तकावरची धूळ पुसायला लागली. त्या पुस्तकावर धूळ नव्हती.

संध्याकाळी बसायला जागा नव्हती. लोक ओट्यावर, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर, माझ्या पलंगावर बसले होते. सहाला टेम्पोवाला आला. त्याने दारातून आत पाहिलं, टाळ्या झाल्या, आणि तो बिचारा घाबरून मागे सरकला.

‘कपाट कुठलं न्यायचं?’ त्याने विचारलं.

‘वा,’ कोणीतरी म्हणालं.

त्याच्या माणसांनी कपाट उचललं, पलंग उचलला, गादी गुंडाळली. लोक पाय आखडून घेत त्यांना वाट देत होते. कोणालाच वाटलं नाही की विचारावं, अहो, कुठे नेताय हे. खिडकीखाली पलंगाच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन राहिला आणि आई त्या चौकोनाकडे बघत बसली. टेम्पोवाला सामान चढवून परत वर आला आणि शेजाऱ्यांना विचारून मागे उभा राहिला. त्यालाही शेवट बघायचा होता.

मावशीने हातपिशवी उचलली. माझ्या गालावरून हात फिरवला. दाराशी जाऊन ती थांबली, पाठमोरी. चपलेत पाय घालायला इतका वेळ लागत नाही. ती वाट बघत होती हे मला दिसत होतं, सगळ्यांना दिसत होतं. मफलरवाले अर्धे उठले आणि खालच्या आवाजात आईला म्हणाले, ‘काही सांगायचंय का त्यांना?’

आईने तोंड उघडलं. सगळा हॉल पुढे झुकला. कोणीतरी खोकणाऱ्याला दटावलं. आईने त्या माणसांकडे पाहिलं, उंचीप्रमाणे बसवलेल्या, तिनेच. मग तोंड मिटलं.

‘नाही,’ ती म्हणाली.

मावशी जिना उतरून गेली. टाळ्या थांबेचनात. लोक उभे राहिले, नर्तक एकमेकांना मिठ्या मारत होते. ‘आता कृपा करून जा,’ मी ओरडले. त्यांनी माझ्यासाठीही वाजवल्या, मला वाटतं दयेने. कोणी हलेना. सगळे दोघी बहिणी नमस्काराला परत येण्याची वाट बघत होते.

आई उठली. कोणाकडे न बघता टाळ्यांतून चालत दाराशी गेली, तिथल्या चपलांच्या ढिगात तिला स्वतःच्या सापडेनात, म्हणून कोणाच्या तरी घालून खाली उतरली. मी तिच्या मागे.

टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा होता. मावशी मागे, सामानातच, गुंडाळलेल्या गादीवर बसली होती. आरशांचं कपाट तिला एकटं सोडायचं नव्हतं. आईला वर चढता येईना. मी खालून ढकललं, आणि मावशीने, बघवेना म्हणून, वरून हात दिला. मी चढल्यावर आईने मागची ताडपत्री खाली ओढली. आत तिघी आणि कपाट.

‘जाऊ नकोस,’ आई म्हणाली. माझ्याकडे न बघता, तिलाच.

मावशी माझ्याकडे वळली. ‘तिला सांग, वर विचारलं होतं त्यांनी. तेव्हा नाही म्हणाली ती.’

‘वर म्हटलं असतं,’ आई म्हणाली, ‘तर टाळ्या पडल्या असत्या.’

आई गादीच्या दुसऱ्या टोकावर टेकली. ‘ते मी बोलायला नको होतं,’ ती म्हणाली. ‘घराचं. बोलले आणि लगेच कळलं. मग रोज वाटायचं आज सांगावं. रोज काहीतरी दुधाचंच निघायचं तोंडातून.’

बाहेर लोक उतरायला लागले होते. हसणं, चपला, ‘पोटात तुटलं हो,’ ‘कुठे जेवायचं?’ कोणीतरी येऊन टेम्पोलाच टेकलं. ताडपत्री आत फुगली. आवाज मी ओळखला, आमचे समीक्षक.

‘ती अडवत नाही, तिथे ते उभं राहतं,’ ते कोणाला तरी समजावत होते. ‘अडवलं असतं तर माती झाली असती. आणि खरं सांगू का, त्या थोरलीला धाकटीचं काहीच वाटत नाही. ते तिने अचूक दाखवलंय.’

चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसणं आईला आयुष्यात जमलेलं नाही. ती ताठ झाली, ताडपत्रीकडे वळली, तोंड उघडलं. आणि मावशीने झटकन पुढे होऊन तिच्या तोंडावर हात दाबला.

‘गप्प बस गं ताई,’ ती आईच्या कानाशी कुजबुजली. ‘ऐकतील ते.’

ताडपत्रीपलीकडे ते बराच वेळ बोलत राहिले. आई रडत होती, मावशीची बोटं भिजत होती, तरी तिने हात काढला नाही आणि आईने तो काढू दिला नाही. मी कपाटाला टेकून बसून राहिले. मला कोणीच काही सांगायला सांगितलं नाही.